मांजरा युनायटेडचे मुकादम

राधाकिशन नागरगोजे हे एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचे व्यवस्थापक होते, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग युसूफ वडगाव कुठं आलं ते विचारतात. युसूफ वडगाव आमच्या केज तालुक्यात आलं. आणि हसण्यासारखं पुष्कळ असलं तरी क्लब खरा होता. राज्य लीगमध्ये त्याची रीतसर नोंदणी होती, त्याला निळी-पिवळी जर्सी होती, कोच होता. व्यवस्थापकांनी मात्र त्याआधी फुटबॉल फक्त जत्रेतल्या दुकानात, जाळीत टांगलेला पाहिला होता.

राधाकिशन यांचा मूळ धंदा मुकादमकीचा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला आमच्याकडं कोयता म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा जवळ आला की असे कोयते गोळा करायचे, त्यांना आगाऊ उचल द्यायची, ट्रकमध्ये बसवून कारखान्यावर न्यायचं आणि गाळप संपेपर्यंत त्यातलं एकही माणूस पळून जाऊ द्यायचं नाही, हे मुकादमाचं काम. पळून जाणं ही या धंद्यातली सगळ्यात मोठी धास्ती. राधाकिशन यांची ख्याती अशी, की त्यांची टोळी फुटत नाही. ते माणूस निवडतानाच पारखून घेत. दंड बघत नसत, घर बघत. म्हातारी आई आहे का, तिला सोडून हा कधी राहिलाय का, बोलताना उगाच हसतो का.

मग कारखान्यानं ऊस तोडायचं यंत्र आणलं. यंत्राला उचल लागत नाही आणि ते पळूनही जात नाही. वीस-बावीस वर्षं जपलेली पारख त्या वर्षी एकाएकी बिनकामाची झाली आणि राधाकिशन घराच्या ओट्यावर बसून राहू लागले. त्यांची बायको सुंदरबाई म्हणायची, "दिवसभर रस्त्यानं जाणारी माणसं पारखत बसत्यात. उगं कुणाला बी नावं ठेवत्यात."

त्याच सुमारास रामप्रसाद भाऊंना क्लब काढायची गरज पडली. भाऊ म्हणजे खडी क्रशर, पेट्रोल पंप आणि पंचायत समितीचं माजी सभापतिपद. आता त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. निवडणूक आज लागते, उद्या लागते म्हणत वर्षानुवर्षं लांबत चालली होती आणि तोवर तरुणांत नाव टिकवणं भाग होतं. क्रिकेटच्या स्पर्धा एका विरोधकानं धरलेल्या. कुस्तीचा फड दुसऱ्याचा. कबड्डी भाऊंच्या सख्ख्या चुलतभावानं पळवलेली. फुटबॉल तेवढा मोकळा होता, कारण तालुक्यात तो कुणी खेळतच नव्हतं. भाऊंची मुलगी प्रियदर्शनी पुण्याहून क्रीडा व्यवस्थापन शिकून आली होती. लीगला मराठवाड्यातला एक संघ पाहिजेच आहे, ही बातमी तिनंच आणली.

भाऊंनी राधाकिशन यांना पंपावरच्या ऑफिसात बोलावून घेतलं.

"मुकादम, माणसं आणायची हायेत."

"कोणचा कारखाना?"

"कारखाना न्हाई. फुटबॉल."

या नावाचा कारखाना सांगलीकडं आहे की कर्नाटकात, याचा राधाकिशन यांनी जरा विचार केला. मग विचारलं, "किती कोयते?"

"अकरा."

"म्हणजे बावीस माणसं."

भाऊ खो खो हसले. प्रियदर्शनीनं मात्र लॅपटॉपवरून मान वर केली. "बरोबर बोलले काका. अकरा मैदानात आणि अकरा राखीव. बावीसच लागतात."

"पण बायामाणसं आणायची न्हाईत," भाऊ म्हणाले.

"मग भाकरी कोण थापणार?"

याचं उत्तर क्रीडा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातही नव्हतं. अशा रीतीनं सुंदरबाई पहिल्याच दिवशी क्लबात आल्या.

प्रियदर्शनीनं त्यांना करार समजावून सांगितला. खेळाडूला सुरुवातीलाच काही रक्कम द्यायची, मग तो हंगामभर आपल्याकडून खेळतो. "म्हणजे उचल," राधाकिशन म्हणाले. एका क्लबाशी बांधलेला खेळाडू दुसऱ्या क्लबाला हवा असला तर आधीच्याची भरपाई करून घेता येतो, त्याला ट्रान्सफर म्हणतात, हेही तिनं सांगितलं. "आमच्यात न्हाई का, उचल एकाची घ्यायची अन् ट्रक दुसऱ्याचा धरायचा? नंतर दोघं मुकादम बसून मिटवत्यात." प्रियदर्शनीला दोन वर्षं लागलेला विषय त्यांनी चहा संपायच्या आत संपवला. आता आपल्याला फुटबॉल कळला, असा त्यांचा समज झाला आणि पुढचं सगळं त्या समजातून झालं.

कोच कोल्हापूरचे होते. पन्नाशीचे, एका गुडघ्यानं लंगडणारे. खेळाडू निवडायला ते राधाकिशन यांना घेऊन कोल्हापूरला गेले. मैदानावर एक पोरगा असा खेळत होता की बघ्यांनी घरची कामं सोडली होती. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा. कोच म्हणाले, "ह्यो घ्यायचाच."

राधाकिशन त्याच्याजवळ गेले. "घरी कोण कोण हाय?"

"सगळी हाईत की," तो हसत म्हणाला. त्याच्या बोटांत तीन अंगठ्या होत्या आणि बोलताना तो दुसरीकडंच बघत होता.

"ह्यो न्हाई," राधाकिशन बाजूला येऊन म्हणाले. "ह्यो दिवाळीला जाईल अन् परत येणार न्हाई."

"मुकादम, ह्यो फुटबॉल हाय, बैलबाजार न्हवं!"

"म्हणूनच म्हणतो. बैल पळाला तर सापडतो तरी."

कोचनी पुष्कळ डोकं फोडलं. पण माणसांची जबाबदारी भाऊंनी मुकादमावर टाकली होती आणि कोचला स्वतःलाच काम नवीन मिळालेलं. दोन दिवसांत राधाकिशन यांनी आईवर जीव असलेले, कमी बोलणारे, एका जागी उभं राहायला कंटाळा न येणारे असे खेळाडू वेचून काढले. बसमध्ये बसल्यावर कोचनी मोजदाद केली, तेव्हा त्यात जवळजवळ सगळे बचावपटू निघाले. गोल मारणारा माणूस मुळातच थोडा बेभरवशाचा असतो, हे त्यांनी राधाकिशन यांना फार उशिरा सांगितलं. क्लबाची ही पहिली भरती. तिच्यात पळणारा एकही नव्हता, दोन्ही अर्थांनी.

लीगचा नियम असा की एक तरी खेळाडू जिल्ह्यातला हवा. राधाकिशन यांनी आपल्या जुन्या टोळीतला उत्तरेश्वर घेतला. चोवीस-पंचवीसचा, उंच, डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढण्यात अर्धं आयुष्य गेलेला. त्याची मान अशी घट्ट होती की चेंडू डोक्यावर आदळला की भिंतीवर आदळल्यासारखा उडायचा. कुठं उडेल ते मात्र कुणालाच सांगता यायचं नाही, त्यालाही नाही. सरावात त्यानं डोक्यानं मारलेले चेंडू आणायला शेजारच्या तुरीत जावं लागे.

क्लबाचं नाव नदीवरून ठेवलं, मांजरा युनायटेड. नावापुढं वाघाचं चित्र पाहिजे, असा भाऊंचा आग्रह. ते काम वाढदिवसाचे बॅनर करणाऱ्याला दिलं. त्यानं वाघ मनापासून काढला, पण त्याला आजवर नेत्यांचे चेहरे गुळगुळीत करायची सवय. वाघाचाही चेहरा त्यानं गुळगुळीत केला. परगावच्या पहिल्याच सामन्यात प्रेक्षकांनी नाव वाचलं, चित्र पाहिलं आणि हजारभर माणसं एका सुरात म्याव म्याव करू लागली. भाऊ मध्यंतरालाच गाडीत जाऊन बसले.

संघाचा मुक्काम भाऊंच्याच मंगल कार्यालयात होता. वरपक्षाची खोली कोचला, बाकीचे हॉलमध्ये. लग्नाची तारीख असली की गाद्या गुंडाळून शाळेत जायचं आणि वऱ्हाड गेलं की परत यायचं. गावातल्या लोकांना सवय झाली. पंगतीला निळ्या-पिवळ्या जर्सीतले पाच-सहा जण वाढायला उभे असत, आणि कुणी विचारलं तर यजमान अभिमानानं सांगत, "प्रोफेशनल आहेत." आठवडी बाजाराच्या दिवशी सराव बंद, कारण मैदानावर शेळ्यांचा बाजार भरायचा.

आणि संघ हरत होता. कधी दोन गोलांनी, कधी पाचांनी. राधाकिशन बाकावर कोचच्या शेजारी पागोटं बांधून बसत. सुरुवातीला त्यांना त्याचं काही वाटत नसे. माणसं वेळेवर उठतात, दारू पीत नाहीत, भांडत नाहीत, एकही पळालेला नाही. मुकादमाला आणखी काय पाहिजे? हरणं हे त्यांना अवकाळीसारखं वाटायचं, आपल्या हातात नसलेलं. मग एका सामन्यानंतर गोलकीपर जेवायला बसला नाही. सुंदरबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ते पोरगं कोपऱ्यात बसून रडायलंय. तुमी आणलंय न्हवं त्याला? जा की."

राधाकिशन जाऊन बसले. ताट त्याच्यापुढं सरकवलं. म्हणाले, "बाळा, चेंडू ती अकरा जणं मारत्यात. तू एकटा. त्यात तुजं काय चुकलं?" पोरगा जेवला. राधाकिशन यांना मात्र त्या दिवसापासून जेवण जाईना. पुढच्या सामन्याला चौथा गोल झाला, तेव्हा ते बाकावरून उठून लाइनमनच्या अंगावर धावून गेले. नियम त्यांना ठाऊक नव्हताच. आपल्या माणसांना कुणीतरी त्रास देतंय, एवढंच त्यांना दिसत होतं.

सुंदरबाईंनी आपल्या परीनं इलाज केला. सगळ्या संघाला त्या कपिलधारला घेऊन गेल्या, धबधब्याखाली उभं केलं, मन्मथस्वामींपुढं नारळ फोडला. पुढच्या सामन्याला निम्मा संघ सर्दीनं आडवा झाला. पण त्या सामन्यात चेंडूच कुणी फारसा हलवला नाही आणि शून्य-शून्य अशी बरोबरी झाली. गावात पेढे वाटले गेले.

हंगामाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. समोर जो क्लब येणार होता, तो पक्षाच्या निरीक्षकांच्या जावयाचा. हेच निरीक्षक तिकिटाची यादी वर पाठवणार होते. जावयाच्या संघाला वरच्या गटात जायला हा सामना जिंकणं जरुरीचं होतं. भाऊंनी राधाकिशन यांना पुन्हा पंपावर बोलावलं. दार लावून घेतलं.

"मुकादम, उद्याचा सामना हारायचाय."

राधाकिशन गोंधळले. "भाऊ, आपुन सगळेच हारतो की."

"तसं न्हाई. हा नक्की हारायचाय. पोरांना सांगून ठेव. चुकून बी काही व्हायला नको."

"बरं," राधाकिशन म्हणाले.

घरी येऊन त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी पोरांच्या पुढं दोनदा जाऊन उभे राहिले. एकदा बूट नीट बांधा म्हणाले आणि दुसऱ्यांदा काहीच न बोलता परत आले. सांगायची गरज तरी काय, असं त्यांनी मनाशी धरलं. सूर्याला पश्चिमेला मावळ म्हणून सांगावं लागत नाही.

तिकडं जावयाच्या संघाला सामना आधीच मिटलाय, ही खबर लागलेली. त्यांनी आपले चांगले खेळाडू घरी ठेवले आणि राखीव पोरं पाठवली. ती आल्या आल्या सेल्फी काढत सुटली. मंडपात निरीक्षक बसलेले, शेजारी भाऊ, भाऊंच्या हातात निरीक्षकांसाठी शहाळं. अर्धा तास कुणीच काही केलं नाही. मग मांजराला कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, उत्तरेश्वरनं नेहमीसारखी मान टाकली, आणि आजवर प्रत्येक वेळी तुरीत गेलेला चेंडू त्या दिवशी जाळीत गेला.

 आपण गोल केला तर काय करायचं असतं, हे आमच्या संघाला माहीत नव्हतं. उत्तरेश्वर पंचाकडं बघत उभा राहिला, जणू परवानगी पाहिजे होती. मग गाव ओरडलं.

मध्यंतराला राधाकिशन यांचा फोन वाजला. मंडपातून भाऊच बोलत होते, निरीक्षकांकडं बघून हसत, ओठ न हलवता. "काय चालवलंस बे? सांगितलं न्हाईस का? आत्ता जाऊन सांग."

राधाकिशन उठले. पोरं लिंबाच्या झाडाखाली बसली होती. सगळी एकदम बोलत होती. ही एवढी बोलणारी माणसं आहेत, हे त्यांना हंगामाच्या शेवटी कळलं. गोलकीपर उत्तरेश्वरची मान दाबत होता आणि दोघं हसत होते. मुकादम आलेले पाहून त्यांनी सरकून जागा करून दिली.

"काय काका?" गोलकीपरनं विचारलं.

"काय न्हाई," राधाकिशन म्हणाले. "पाणी जरा कमी प्या. पळताना डुचमळतं."

उत्तरार्धात समोरच्यांनी धावपळ केली, पण आमच्या संघात मुळी सगळे बचावपटूच. एका जागी न कंटाळता उभे राहणारे. एका गोलाची आघाडी सांभाळायला याहून चांगला संघ राज्यात नसावा. फक्त तशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. शिट्टी वाजली, तेव्हा कोच लंगडत मैदानाच्या मध्यापर्यंत पळत गेले. निरीक्षक शहाळं तसंच ठेवून गाडीत बसले. जाताना ते एवढंच म्हणाल्याचं सांगतात, "ज्याला रोज हरणारी टीम सांगून हरवता येत नाही, तो जिल्हा परिषदेचा गट काय सांभाळणार?" तिकीट कबड्डीवाल्या चुलतभावाला गेलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी विचारलं, "किती दिलं त्यानं तुला?"

"कुणी?"

"मी सांगितलंतं का न्हाई? मग तू पोरांना कावून न्हाई सांगितलं?"

राधाकिशन यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "भाऊ, एवढे सामने हारले ती, पण जीव तोडून हारले. एकदा सांगून हारवलं असतं, तर मागचं समदं बी तसंच होतं का काय, असं वाटलं असतं त्यांना."

भाऊंना यातलं काही समजलं नाही. त्यांनी क्लब त्या दिवशी बंद केला. संध्याकाळी चुलतभाऊ नारळ आणि शाल घेऊन राधाकिशन यांच्या घरी आला. "मुकादम, लई उपकार झाले. असं डोकं राजकारणात पायजे." राधाकिशन यांनी चुलतभावाचे पैसे खाल्ले, याबद्दल गावात जी थोडीफार शंका उरली होती, ती या शालीनं मिटवली, आता सगळ्यांचीच खात्री झाली. राधाकिशन यांनी शाल घेतली नाही. नारळ सुंदरबाईंनी ठेवून घेतला आणि पोरांच्या शेवटच्या जेवणाला चटणी केली.

भाऊंनी गाडी द्यायला नकार दिला. तेव्हा राधाकिशन सगळ्यांना एसटीनं कोल्हापूरला घेऊन गेले. मुकादमानं माणूस आणला तर दारात नेऊन सोडायचा, हा त्यांचा नेम. प्रत्येकाच्या घरी गेले, प्रत्येक आईच्या हातचा चहा घेतला. गोलकीपरची आई म्हणाली, "पोरानं लई गोल खाल्लं म्हणं तुमच्याकडं."

"खाल्ले. पण भाकरी बी खाल्ली. बघा, अंगानं भरलाय."

लीगमधली क्लबाची जागा मात्र रिकामी राहिली नाही. पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीनं ती विकत घेतली. नाव बदललं, रंग बदलले, गुळगुळीत वाघ गेला आणि त्याच्या जागी कुणालाच न ओळखता येणारा पक्षी आला. प्रियदर्शनीला तिथंच नोकरी लागली. नव्या क्लबाच्या वेबसाइटवर इतिहास आहे. त्यात लिहिलंय की ग्रामीण मराठवाड्यातल्या गुणवत्तेला व्यासपीठ मिळावं, या ध्येयानं क्लबाची स्थापना झाली. खाली त्या एकमेव विजयाचा फोटो आहे. त्यातल्या पागोटेवाल्या माणसाखाली लिहिलंय, 'सामन्याचा आनंद लुटताना एक स्थानिक शेतकरी.' उत्तरेश्वरला त्यांनी घेतलं, कारण जुन्या संघात गोल करणारा तोच एकटा होता.

मागच्या डिसेंबरात प्रियदर्शनीनं राधाकिशन यांना सामना बघायला पुण्याला बोलावलं. ते गेले. खुर्चीला पाठ होती, बाटलीतलं पाणी होतं, शेजारी बसलेल्या पोरानं गालावर तो पक्षी रंगवला होता. उत्तरेश्वर राखीव बाकावर होता. त्यानं हात केला. बाकी कुणाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, कुणाच्या घरी कोण आहे तेही नाही. पुढं खेळणारा एक पोरगा एकसारखा हसत होता आणि गोलावर गोल करत होता. राधाकिशन यांनी त्याच्या बोटांकडं बघायचा प्रयत्न केला, पण तो फार लांब होता.

सामना संपायच्या आतच निघून त्यांनी रात्रीची गाडी धरली, उजाडता केजच्या स्टँडवर उतरले आणि तिथून घरी आले. सुंदरबाई अंगणात सडा टाकत होत्या.

"जिंकले का?"

"जिंकले की. चार गोलांनी. उत्तरेश्वरचा फोन आलता."

"मग तोंड असं कावून केलंय?"

"लई सोपं जिंकले ती," राधाकिशन म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.